‘ढ’ ठरवण्याआधी : आल्फ्रेड बिने यांचे आयुष्य



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर पहिलीचा वर्ग शिकवला. त्यांच्या वर्गात एक नियम होता. ‘ढ’ हे अक्षर पाटीवर गिरवायचे, कुणा मुलाला चिकटवायचे नाही. मी स्वतः त्यांच्या हाताखाली शिकले नाही. माझा धाकटा भाऊ शिकला. घरी चिडून मी त्याला ‘ढ’ म्हटले की तो शांतपणे सांगायचा, “ताई, आमच्या बाई म्हणतात, हे माणसाचं नाव नाही.”

मंदबुद्धी मुलाला ‘ढ’ का म्हणतात, याचे एक स्पष्टीकरण आपण ऐकलेले असते. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ढ मात्र जवळपास होता तसाच राहिला. वर्षे गेली तरी ज्याच्यात फरक पडत नाही, तो ढ. म्हणजे हा एकाक्षरी शब्द मुलाची आजची अवस्था सांगून थांबत नाही, पुढच्या सगळ्या आयुष्याचा निकालही लावून टाकतो. आज ज्यांच्याविषयी बोलायला उभी आहे, ते आल्फ्रेड बिने या निकालाशीच भांडत राहिले. दैव असे की त्यांनी केलेल्या मोजपट्टीनेच पुढे जगभर लाखो मुलांवर हा शिक्का मारला गेला.

मी तीस वर्षे जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेतल्या. बाहेरच्या बाकावर आई बसलेली असते, मांडीवर कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी. दार उघडले की तिचा पहिला प्रश्न, “मॅडम, किती आला?” तो आकडा कुठून आला, कुणी आणि कशासाठी काढायला सुरुवात केली, हे मलाही पहिली दहा वर्षे धड माहीत नव्हते. परीक्षेपुरते ‘बिने-सिमाँ, १९०५’ एवढे पाठ होते. माणूस फार नंतर भेटला, आणि तो भेटल्यावर माझे काम बदलले.

बिने यांचा जन्म ८ जुलै १८५७ चा, नीस शहरातला. तेव्हा नीस फ्रान्समध्ये नव्हते, सार्डिनियाच्या राज्यात होते. तीन वर्षांनी ते फ्रान्सकडे आले. वडील डॉक्टर, आई चित्रकार. दोघे वेगळे झाले आणि मुलगा आईकडे वाढला. मुलाचा बुजरेपणा जावा म्हणून वडिलांनी त्याला एकदा प्रेताला हात लावायला लावला, अशी गोष्ट सांगतात. भीती गेली नाही, ती आयुष्यभर पुरली. पुढे उतारवयात याच बिने यांनी आंद्रे द लोर्द या नाटककाराबरोबर पॅरिसच्या ग्रां गिन्योल या भयनाट्यांच्या रंगभूमीसाठी नाटके लिहिली. त्या लहानपणच्या खोलीत ते पुन्हा पुन्हा जात होते, असे मला वाटते.

पॅरिसच्या नावाजलेल्या शाळेत शिक्षण झाले. १८७८ मध्ये कायद्याची पदवी मिळाली, पण वकिलीत मन रमेना. मग हा तरुण राष्ट्रीय ग्रंथालयात बसून एकटाच मानसशास्त्र वाचू लागला. ना गुरू, ना विद्यापीठ, ना प्रयोगशाळा. जॉन स्टुअर्ट मिलची पुस्तके हेच त्याचे शिक्षक. १८८० मध्ये स्पर्शाच्या संवेदनेवर पहिला लेख छापून आला. लगेच बेल्जियममधून झोझेफ देल्बफ नावाच्या प्राध्यापकाने दाखवून दिले की हे काम आपण आधीच केले आहे आणि ते अधिक नीट केले आहे. देल्बफ हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

शाळेतला मित्र बाबिन्स्की याच्या ओळखीने १८८३ मध्ये बिने सालपेत्रिएर रुग्णालयात पोचले. तिथे शार्को यांचे राज्य होते. त्या काळात मज्जाविकारांच्या शास्त्रात त्यांच्या शब्दापुढे शब्द नव्हता. हिस्टेरियाच्या स्त्री-रुग्णांना संमोहित करून ते जाहीर प्रात्यक्षिके करत. बिने आणि शार्ल फेरे या दोघांना तिथे ब्लांश विटमान नावाची रुग्ण मिळाली.

त्या खोलीत काय घडत होते ते डोळ्यांसमोर आणा. संमोहित स्त्री खुर्चीत बसली आहे. तिचा उजवा हात सुन्न आहे. प्रयोग करणारा एक मोठा लोहचुंबक तिच्याजवळ आणतो आणि सुन्नपणा उजव्या हातातून डाव्या हातात जातो. चुंबक फिरवला की परत उजवीकडे. पुढे तर भावनाही फिरू लागल्या. ती हसत असली आणि चुंबक जवळ आणला तर रडू लागे, प्रेमाने बोलत असली तर द्वेषाने बोले. दोघा तरुणांनी हे सगळे शास्त्र म्हणून छापले. १८८७ मध्ये ‘प्राणिज चुंबकत्व’ या विषयावर त्यांचे पुस्तकही आले.

देल्बफ ते प्रयोग प्रत्यक्ष पाहायला १८८५ मध्ये पॅरिसला आले. त्यांनी पाहिले की चुंबक रुग्णाच्या डोळ्यांदेखत हलवला जातो. तिच्यासमोरच प्रयोगकर्ते मोठ्याने बोलतात, आता असे होईल, आता तसे होईल. संमोहित माणूस बहिरा नसतो. उलट त्याच्या पुढ्यातल्या माणसाला काय हवे आहे, हे तोच सगळ्यांत जास्त ताडत असतो. देल्बफ घरी गेले, स्वतः प्रयोग केले आणि लिहिले की यात चुंबकाचे काहीही नाही, सगळी सूचनेची किमया आहे. बिने आधी भांडले, फार कडवटपणे भांडले. मग पुढच्या काही वर्षांत त्यांनी मान्य केले की त्या प्रयोगांत चुकांना सगळीकडून वाव होता. १८९० च्या सुमारास सालपेत्रिएर सुटले. तेहतीस वर्षांचा माणूस, दोनदा जाहीर नाचक्की झालेला, हाताला काम नाही.

मी या प्रसंगावर रेंगाळते आहे, कारण बिने यांचे पुढचे सगळे आयुष्य त्यातून निघाले अशी माझी खात्री आहे. प्रश्न विचारणाराच आपल्या चेहऱ्याने, आवाजाने, अपेक्षेने उत्तर घडवत असतो, हे त्यांना इतक्या महागात कळले होते की बिने ते पुन्हा विसरले नाहीत.

रुग्णालय सुटल्यावर ते घरी बसले, आणि घरात दोन लहान मुली होत्या. १८८४ मध्ये त्यांचे लग्न भ्रूणशास्त्रज्ञ बालब्यानी यांच्या मुलीशी, लॉर यांच्याशी झाले होते. थोरली मादलेन १८८५ ची, धाकटी आलिस १८८७ ची. बाप मुलींना न्याहाळू लागला आणि वहीत टिपू लागला. चालायला शिकताना मादलेन आधी एखादी वस्तू हेरायची, तिच्यावर नजर रोखायची आणि अगदी गंभीर होऊन तिच्यापर्यंत जायची. आलिस हसत, झोके खात खोलीच्या मधोमध निघून जायची, धरायला जवळ काही नाही याची तिला फिकीर नसायची. एकाच घरातल्या, एकाच आईच्या दोन मुली, आणि लक्ष देण्याची तऱ्हा इतकी वेगळी. त्यांनी सोंगट्यांचे दोन ढीग मांडून ‘कशात जास्त आहेत’ असे विचारले. मोजता न येणारी मादलेन संख्येकडे पाहत नव्हती, किती जागा व्यापली आहे ते पाहत होती. चाकू म्हणजे काय, असे विचारले की उत्तर यायचे, मांस कापायला असतो तो. लहान मुलाच्या लेखी वस्तू म्हणजे तिचा उपयोग. हे निरीक्षण पंधरा वर्षे वहीत पडून राहिले आणि मग चाचणीत उतरले. वस्तूचा उपयोग सांगून व्याख्या करणे हे सहा वर्षांच्या मुलाचे लक्षण, त्यापुढे जाऊन ती काय आहे हे सांगणे नऊ वर्षांच्या मुलाचे.

या निरीक्षणांवरचे १८९० चे त्यांचे तीन छोटे लेख मला त्यांच्या मोठ्या ग्रंथांपेक्षा जास्त प्रिय आहेत. घरातले मूल आणि वही, एवढेच भांडवल.

१८९१ मध्ये एका रेल्वे स्थानकावर त्यांना सॉर्बनच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेचे संचालक बोनी भेटले. बिने यांनी आपणहून काम मागितले. काम मिळाले, पगार मिळाला नाही. तिथे पुढे ते संचालक झाले, तरी बिनपगारीच राहिले. घरचे बरे होते म्हणून निभावले. १८९४ मध्ये त्यांनी कीटकांच्या मज्जासंस्थेवर डॉक्टरेट मिळवली आणि त्याच सुमारास एक वार्षिक नियतकालिक सुरू केले. ‘लाने प्सिकोलोझिक’ हे त्याचे नाव. पुढे कोलेज द फ्रान्समध्ये जागा निघाली तेव्हा निवड पिएर झाने यांची झाली. सॉर्बनची जागाही दुसऱ्यालाच मिळाली. फ्रान्सच्या या मोठ्या मानसशास्त्रज्ञाला आपल्या देशात प्राध्यापकाची खुर्ची शेवटपर्यंत मिळाली नाही.

पण या काळात त्यांनी काय काय पाहिले! मेंढ्या राखत वाढलेला ईनोदी नावाचा तरुण मनातल्या मनात प्रचंड गुणाकार करायचा. तो आकडे डोळ्यांसमोर पाहत नाही, कानात ऐकतो, हे त्यांनी दाखवले. बुद्धिबळपटू डोळे बांधून कसे खेळतात, हे विचारले. आणि १९०० मध्ये सूचनाक्षमतेवर, म्हणजे माणूस दुसऱ्याच्या सूचनेला कसा बळी पडतो यावर, एक पुस्तक लिहिले. सालपेत्रिएरमध्ये जो वैरी त्यांना गाफील गाठून गेला, त्यालाच त्यांनी आता समोर बसवून तपासले.

त्यातला एक प्रयोग सांगते. मुलाला एकेक रेषा दाखवायची आणि तेवढीच लांब कागदावर काढायला सांगायची. सुरुवातीच्या रेषा क्रमाने मोठ्या होत जातात. मग त्या मोठ्या होणे थांबते, सगळ्या सारख्याच येतात. मुले मात्र वाढवतच राहतात. नंतर मायेने विचारले की काहीजण सांगतात, हो, दिसत होते मला, रेषा वाढत नव्हती. मग का काढलीस? म्हणजे डोळ्यांना दिसत होते, हात ओळीत चालत होता. दुसरा प्रयोग आणखी बोलका. एका पुठ्ठ्यावर काही वस्तू चिकटवलेल्या, त्यात एक बटन. पुठ्ठा दाखवून लपवला आणि विचारले, बटन कोणत्या रंगाच्या दोऱ्याने शिवले होते? दोरा नव्हताच. तरी रंग सांगणारी मुले निघाली. मुलाला मुक्तपणे आठवून सांगू दिले तर तो कमी सांगतो पण बरोबर सांगतो. प्रश्नातच उत्तर पेरले की तो आपल्याला हवे ते देतो. न्यायालयात मुलाची साक्ष घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचायला हवे. तोंडी परीक्षा घेणाऱ्या आपण सगळ्यांनी तर हवेच.

हीच सावधगिरी त्यांनी स्वतःलाही लावली. त्या काळी डोक्याचा घेर मोजून बुद्धी कळते, असे भलेभले मानत. बिनेही मानत. शिक्षकांनी वर्गातली सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत मागे पडलेली मुले निवडून दिली, यांनी मापे घेतली. फरक निघाला मिलिमीटरभराचा. एखाद्याने पुस्तक तिथेच लिहून टाकले असते. बिने यांना वेगळीच शंका आली. कोणते मूल हुशार हे मला आधीच माहीत आहे, मग कॅलिपर धरणारा माझा हात नकळत थोडा सैल किंवा घट्ट तर होत नाही ना? त्यांनी ती शंका छापली आणि डोकी मोजणे बाजूला ठेवले.

आता १९०४ कडे येऊ. फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. आजवर शाळेचे तोंड न पाहिलेली मुले वर्गात आली आणि काही मुले मागे राहतात हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसले. अशा मुलांसाठी वेगळे वर्ग काढावेत म्हणून शिक्षणमंत्र्यांनी आयोग नेमला, त्यात बिने होते. प्रश्न असा की या वर्गात कुणाला घालायचे? हे शिक्षकाच्या मतावर सोडले तर वर्गात दंगा करणारा पोरगा ‘मंद’ ठरवून बाहेर काढला जाईल. डॉक्टरवर सोडले तर, बिने यांनी दाखवून दिले होते, एकाच मुलाला तीन डॉक्टर तीन नावे देतात. मुलाला दारातून बाहेर काढण्यापूर्वी कुणीतरी त्याच्यासमोर नीट बसले पाहिजे, एवढी साधी त्यांची मागणी होती.

त्यांच्या जोडीला तेओदोर सिमाँ हा तरुण डॉक्टर होता, मनोरुग्णालयात गतिमंद मुलांमध्ये काम करणारा. दोघांनी १९०५ मध्ये तीस कसोट्यांची श्रेणी प्रसिद्ध केली. पहिली कसोटी, पेटती काडी डोळ्यांसमोरून फिरवायची, मूल नजरेने पाठलाग करते का पाहायचे. मग चॉकलेटचा तुकडा आणि तेवढाच लाकडाचा तुकडा समोर ठेवायचा, खाण्याचा कोणता ते कळते का. नाक दाखव. तीन आकडे पाठोपाठ म्हण. दोन वजनांतले जड कोणते. माशी आणि फुलपाखरू यांत काय फरक. आणि सगळ्यांत शेवटची, आदर आणि स्नेह यांत काय फरक. पेटत्या काडीपासून इथपर्यंत. माणसाच्या मनाचा एवढा लांब जिना इतक्या साध्या सामानात त्यांच्याआधी कुणी बांधला नव्हता.

१९०८ मध्ये त्यांनी कसोट्या वयाप्रमाणे लावल्या. चार वर्षांच्या मुलाला किल्ली, चाकू, नाणे यांची नावे यावीत. सहाव्या वर्षी उजवा हात, डावा कान दाखवता यावा. मोठ्या मुलांना विसंगत वाक्ये द्यायची आणि त्यात काय खटकते ते विचारायचे. एक वाक्य असे की एका मुलीच्या प्रेताचे अठरा तुकडे सापडले, तिने आत्महत्या केली असावी. ग्रां गिन्योलच्या नाटककाराचा हात तिथे दिसतो!

चाचणी कशी घ्यावी, याबद्दल दोघांनी लिहिलेले मी दर वर्षी पुन्हा वाचते. खोली शांत हवी. मूल आणि परीक्षक, एवढेच असावेत. आधी त्याची भीती घालवा. रागावू नका, उत्तर सुचवू नका, चेहऱ्यावरून बरोबर-चूक दाखवू नका. घाबरलेल्या मुलाचे मौन अज्ञान समजू नका. यात सालपेत्रिएरच्या खोलीची आठवण असल्यासारखी वाटते. आणि एक गोष्ट त्यांनी स्वच्छ सांगितली होती. लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही. रेषेवर रेषा ठेवून पाहता येते, समज आणि कल्पना एकमेकांवर ठेवून पाहता येत नाहीत. ही श्रेणी आज मूल कुठे आहे ते सांगते. ते तिथे का आहे आणि उद्या कुठे असेल, हे सांगायचा तिचा दावा नाही.

मागे असलेल्या मुलांचे पुढे काय करायचे, याचे उत्तरही त्यांच्याकडे होते. पॅरिसच्या ग्रांज-ओ-बेल रस्त्यावरच्या शाळेत त्यांनी प्रयोगशाळा काढली होती. वेडेवाकडे हात-पाय व्यायामाने सरळ करतात तसे मनाचे व्यायाम त्यांनी विशेष वर्गांसाठी सुचवले. एक खेळ पुतळ्यांचा. शिक्षकाने खूण केली की सगळ्या वर्गाने आहे त्या स्थितीत थिजायचे. पहिल्या दिवशी सगळा गोंधळ, ढकलाढकली, खिदळणे. मग एकाला वाटते, आपण शेवटपर्यंत हललो नाही पाहिजे. दुसरा खेळ, काठोकाठ भरलेले पाण्याचे भांडे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न सांडता न्यायचे. लक्ष, संयम, स्वतःच्या हातावर ताबा. ज्या मुलाला आजवर ‘बस खाली’ एवढेच ऐकू आले होते, त्याला आपण काही निभावू शकतो हे पहिल्यांदा कळत होते. १९०९ च्या पुस्तकात बिने यांनी उपमा शेतीची दिली. जमीन पडीक दिसत होती, मशागतीची पद्धत बदलली आणि पीक उभे राहिले. १९०९ मध्येच फ्रान्सने विशेष वर्गांचा कायदा केला.

त्याच पुस्तकात एक जखम आहे. पदवीपूर्व परीक्षेत त्यांच्या हातून एक चूक झाली तेव्हा परीक्षकाने त्यांना सांगितले होते, तुला तत्त्वज्ञानाची दृष्टी कधीच येणार नाही. ‘कधीच’ या शब्दाचे ओझे किती असते, हे ते तीस वर्षांनीही विसरले नव्हते. बुद्धी जन्मजात ठरलेली आणि ती वाढत नाही, असे मानणाऱ्या तत्त्ववेत्त्यांवर ते त्या पुस्तकात तुटून पडतात. एरवी मोजून बोलणारा माणूस इथे चिडलेला आहे. मला तो इथे सगळ्यांत जवळचा वाटतो.

१९११ मध्ये श्रेणीची सुधारित आवृत्ती आली आणि त्याच वर्षी, १८ ऑक्टोबरला, बिने गेले. वय ५४. आपली पट्टी कुणाच्या हातात जाते आहे हे त्यांना पुरते पाहता आले नाही.

पुढचे थोडक्यात सांगते, कारण ते वेदनादायक आहे. न्यू जर्सीतल्या व्हाइनलँडच्या संस्थेतल्या हेन्री गोडार्ड यांनी श्रेणी इंग्रजीत नेली. पण बुद्धी आनुवंशिक आणि न बदलणारी, असा त्यांचा विश्वास होता. किंचित मागे असलेल्यांसाठी ‘मोरॉन’ हा शब्द त्यांनीच घडवला. पुढे एलिस बेटावर उतरणाऱ्या, प्रवासाने शिणलेल्या स्थलांतरितांवर त्यांनी ही चाचणी चालवली. १९१२ मध्ये जर्मनीत विल्यम श्टर्न यांनी मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या कसोट्या सोडवते त्या वयाला, खऱ्या वयाने भागले, आणि १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांनी त्याला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातल्या सतरा लाखांहून अधिक माणसांची गटागटाने चाचणी झाली. शांत खोली, भीती घालवणे, समोरासमोर बसणे, सगळे संपले. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला मान्यता दिली. टर्मन यांच्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीने तिचे मानसिक वय नऊ ठरवले होते. तिची लहान मुलगीही मंदबुद्धीची, असे न्यायालयापुढे सांगितले गेले होते. ती मुलगी शाळेत गुणवत्ता यादीत आली आणि आठव्या वर्षी आजारात गेली.

सिमाँ १९६१ पर्यंत जगले. बुद्ध्यंक हा आमच्या हेतूचा विश्वासघात आहे, असे ते म्हणत. पण चांगले धागेही त्याच शाळेतून निघाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस झाँ पियाजे नावाचा स्विस तरुण सिमाँ यांच्याकडे, ग्रांज-ओ-बेलच्याच शाळेत, चाचण्या घ्यायला आला. त्याचे लक्ष बरोबर उत्तरांवर बसेना, चुकीच्या उत्तरांवर बसले. मूल असे का म्हणाले? मादलेनच्या सोंगट्यांपासून निघालेली वाट तिथे रुंद झाली.

आपल्याकडे ही श्रेणी आली ती लाहोरमार्गे हिंदुस्थानीत, हर्बर्ट राइस यांच्या हातून. आणि मराठीत आणली धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत यांनी. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. कामतांनी टर्मन यांच्या आवृत्तीवरून मराठी आणि कानडी मुलांसाठी श्रेणी बसवली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढले. नुसता शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही. कोणता प्रश्न आपल्या मुलाला कोणत्या वयात सुटतो, हे मुलांपुढे बसून पुन्हा ठरवावे लागते. बिने-कामत चाचणी आजही आपल्या रुग्णालयांत, विशेष शाळांत वापरली जाते. मराठी आईला तिच्या मुलाबद्दल जो आकडा सांगितला जातो, त्याच्या मागे पॅरिस आणि धारवाड दोन्ही आहेत.

त्या आकड्यावर खूप काही अवलंबून असते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, पेन्शन, शाळेतल्या सवलती, चाळीस टक्क्यांची अट. म्हणून मी चाचण्या नकोत असे म्हणणाऱ्यांतली नाही. प्रमाणपत्राविना मदत मिळत नाही आणि मदत मिळावी यासाठीच तर बिने यांनी हे सगळे केले. २०१६ चा आपला कायदा बौद्धिक अक्षमता ठरवताना रोजच्या जगण्यातले वागणेही बघायला सांगतो. मूल आंघोळ करते का, दुकानातून सामान आणते का, शेळ्या घरी आणते का. हा आग्रह बिने यांना पटला असता.

आता माझे एक सांगते. बिने भेटण्याच्या जरा आधीची गोष्ट. जुलै महिना. सहा-सात वर्षांचा मुलगा, एका वस्तीवरचा. शाळेने पाठवले होते, शेरा होता, ‘वर्गात बोलत नाही’. अशाच एका तोंडी चाचणीत मी विचारले, “शाळेत निघालास आणि पाऊस आला, तर काय करायचं?” त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग खिडकीकडे. म्हणाला, “घरीच थांबायचं.” माझ्या पुढच्या कागदावर छत्री होती, रेनकोट होता. मी शून्य लिहिले. तो अजून खिडकीकडेच बघत होता. हळूच म्हणाला, “वढा येतो ना.” मी पुढचा प्रश्न विचारला.

बिने वाचायला लागले तेव्हा हा मुलगा आठवला. सूचनाक्षमतेचे पुस्तक वाचताना आठवला, डोक्यांच्या मापांची ती कबुली वाचताना आठवला. जुन्या फायली कपाटात होत्या. पुढच्या पावसाळ्यात एका शनिवारी मी एस.टी.ने त्या वस्तीवर गेले. ओढ्याला मांडीपर्यंत पाणी होते, गढूळ, ओढीचे. पलीकडे शाळेचे कौलारू छप्पर दिसत होते. अलीकडे दप्तरे डोक्यावर घेऊन तीन पोरे पाणी उतरायची वाट बघत बसली होती. त्यांतला एक तोच असावा असे मला वाटले, पण इतक्या दिवसांनी ओळख पटली नाही, आणि नाव घेऊन हाक मारायचा धीर झाला नाही.

सोमवारी फाइल काढली. त्या उत्तरापुढचे शून्य एका रेघेने खोडले, बाजूला गुण लिहिला, का बदलला ते दोन ओळींत लिहिले, खाली तारीख टाकली आणि सही केली. मग नवा अहवाल टाइप करून शाळेला पाठवला.